स्क्रीनच्या कडेचा उजेड

खोटं वाटलं तर वाटू द्या. मला कुणाला काही पटवून द्यायचं नाही. पण हे माझ्या घरात घडलंय, माझ्या डोळ्यांसमोर घडलंय, आणि यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

अशा गोष्टी बहुतेक अमावस्येच्या रात्रीच्या असतात.

ही भर दुपारची आहे.

मागच्या वर्षीचा मे महिना. ऊन असं की गाडीच्या सीटवर बसवत नव्हतं. आमचं गाव भूम तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. नाव सांगणार नाही.

मी वर्षाराणी. गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. भुताखेतांच्या गोष्टी सांगून बारक्या पोरांना रडवणाऱ्यांना मी आजवर वर्गाबाहेर उभं करत आले. म्हणून हे लिहिताना माझाच मला राग येतोय.

आमचं धनगराचं घर. नवरा, महारुद्र, भूमला डेअरीत नोकरीला. मेंढरं सांभाळतात माझ्या सासूबाई, मथुराबाई. वय झालं तरी त्यांच्या काठीला धाक आहे. त्या आठवड्यात त्या लोहाऱ्याला माझ्या नणंदेकडं गेल्या होत्या.

त्या घरी असत्या, तर पुढचं काहीच झालं नसतं.

आमची एकुलती एक लेक अर्पिता. लग्नाचे अल्बम तयार करायचं काम करते. फोटो उजळवणं, रंग सारखे करणं, पानं लावणं. धाराशिवच्या एका स्टुडिओचं काम घरी बसून करायची. त्या महिन्यात तिला पुण्यात चांगली नोकरी लागली. जूनमध्ये रुजू व्हायचं होतं. पोरगी या डोंगरातून बाहेर पडणार म्हणून मला कोण आनंद झाला होता.

पुण्याला न्यायला म्हणून तिनं नवा लॅपटॉप मागवला.

आला. हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, पेढे वाटले.

आणि दुसऱ्या दिवशी पोरगी तोंड पाडून बसली.

"मम्मी, स्क्रीन खराब हाय."

मला तर चांगली दिसत होती. म्हटलं, "काय झालं तिला? माझ्या टीव्हीपेक्षा झकास दिसतीय."

"काळं काही लावलं की कडेनं उजेड येतोय बघ. बॅकलाईट ब्लीड म्हणतात याला. स्क्रीनच्या मागं दिवे असतात. फ्रेम नीट बसली नाही की त्यांचा उजेड कडेनं गळतो. नवरीचे केस काळे असतात, हितं राखाडी दिसत्यात. मी रंग काय डोंबल जुळवू?"

तिनं घरगुती उपाय सगळे केले. मऊ फडक्यानं कडा चोळल्या. फ्रेम हलक्या हातानं दाबून पाहिली. उजेड काही हटला नाही.

मग कंपनीशी बोलणं झालं. ते म्हणाले, बदलून देऊ, पण पुरावा पाठवा. पूर्ण अंधाऱ्या खोलीत काळं चित्र लावा आणि फोटो काढा.

आता मे महिन्यात आमच्या स्लॅबच्या घरात अंधार आणायचा कुठून? पडदे लावले, वर चादरी टांगल्या, तरी फटीफटीतून ऊन आत.

महारुद्र म्हणाले, "मागल्या खोलीत जा की. तिथं दिवसा बी दिवा लागतोय."

मागची खोली म्हणजे माळवदाची, मातीच्या भिंतींची. खिडकी नाही. धान्याची पोती असतात, आणि भिंतीला लागून एक मातीचा कट्टा आहे. त्यावर चांदीचा एक लहानसा टाक, म्हणजे पत्र्यावर ठोकलेली मूर्ती.

तो वीर.

आमच्यात घरातला कुणी हत्याराच्या घावानं मेला की त्याला वीर म्हणून बसवतात. सणावाराला नैवेद्य दाखवतात. हा वीर म्हणजे महारुद्रांचे चुलत आजोबा, सिद्धाराम. त्यापलीकडं त्यांच्याबद्दल मला माहिती नव्हती. खोलीचा एकच रिवाज ठाऊक होता. नवं मेंढरू घेतलं की ते कट्ट्यापुढं उभं करायचं. एकदा वीराला दाखवलेलं मेंढरू विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. ते आपल्याच मेंढवाड्यात म्हातारं होऊन मरायचं.

मेंढरांचा रिवाज मेंढरांपुरता, असं आम्हाला वाटलं.

आम्ही दोघी आत गेलो. मी दाराशी थांबले. खाली पोत्यांमुळं पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून अर्पिता त्या कट्ट्यावर टेकली. लॅपटॉप मांडीवर घेतला.

मी दार ओढून घेतलं.

मिट्ट काळोख.

तिनं काळं चित्र लावलं... आणि स्क्रीनच्या खालच्या कडेला उजेडाचे ठिपके उमटले.

डाव्या बाजूला चार. शेजारी शेजारी.

उजव्या बाजूला दोनच.

"बघ, मम्मी. आता तरी दिसतंय का?"

दिसत होतं. पण गळणारा उजेड पसरट असेल असं मला वाटलं होतं. हे तर लांबट, गोलसर टोकांचे होते. कुणीतरी मागून फ्रेम धरावी आणि बोटांची पेरं पुढं यावीत, तसे.

मी बोलले नाही. उगाच पोरीच्या डोक्यात काही भरायला नको.

ती सांगत होती, "साधी चमक असली तर आपण डोकं हलवलं की ती बी हलते. ब्लीड असलं तर जागचं हलत नाय."

तिनं डोकं डावीकडं नेलं. उजवीकडं नेलं. ठिपके जागच्या जागी.

"ब्लीडच हाय," ती म्हणाली आणि मोबाइलवर फोटो काढला.

ती आता स्थिर बसली होती. लॅपटॉप स्थिर होता.

आणि डावीकडचा एक ठिपका... सरकला.

थोडासाच. ओझं उचलताना पकड नीट करावी, तसा.

"मम्मी, तू हात लावलास का?"

मी दाराशी होते.

बाहेर वाड्यात मेंढरं ओरडत होती, दुपारी पाण्याच्या वेळेला ओरडतात तशी. ती एकदम गप्प झाली. सगळी एकदम. एक कोकरूही आवाज करेना.

मग लाकूड करकरलं. बंद फाटक कुणीतरी दोन्ही हातांनी आपल्याकडं ओढून धरलंय, असा आवाज. तो बाहेरून येत नव्हता. तो अर्पिताच्या मांडीवरून येत होता.

मी दार उघडलं. ऊन आत आलं. अर्पिता हसत बाहेर आली, "काय गं, घाबरलीस व्हय?" म्हणाली.

तिच्या मनगटावर लाल वळ होता. कट्ट्याची कड लागली असेल, असं तीच म्हणाली.

फोटोत ते ठिपके डोळ्यांना दिसले त्याहून कितीतरी उजळ आले होते. कॅमेरा असंच वाढवून दाखवतो म्हणे. कंपनीनं लगेच मान्य केलं. जुना न्यायला माणूस येईल, नवा पाठवू.

न्यायला आला तो शांतलिंग. भूमहून आसपासच्या सगळ्या गावांना पार्सल पोचवणारा पोरगा. बोलका. आमच्याकडं आला की पाणी मागायचा आणि सोबत लाडू मिळेल या आशेनं स्वयंपाकघराकडं बघायचा. मी द्यायचे.

त्या दिवशीही लाडू खाल्ला. खोकं सील केलं, पाठीवरच्या बॅगेत टाकलं आणि फटफटी मारत गेला.

थोड्या वेळानं गावातली माणसं त्याला जीपमध्ये घालून परत घेऊन आली. मी दुकानाला निघाले होते, शाळेजवळ जीप थांबली, म्हणून मी पाहिलं. नसतं पाहिलं तर बरं झालं असतं.

त्याच्या उजव्या हाताचा चेंदा झाला होता. बोटं मागच्या बाजूला वळलेली. दोन बोटं तर नव्हतीच. शर्ट रक्तानं भिजून अंगाला चिकटला होता. पण डोक्याला, गुडघ्याला, कुठं साधं खरचटलेलंही नव्हतं. गाडीवरून पडलेला माणूस असा नसतो.

मला बघून तो रडायला लागला.

"ताई, म्या पडलो न्हाय. गावाची शीव वलांडली आन् मागनं कुणीतरी बॅग धरली. म्या गाडी थांबवून मागं बघितलं... कुणीच न्हाय. बॅग वढाय लागलं. म्या बी धरली, कंपनीचा माल हाय म्हणून. तर त्यानं माझी बोटं उघडली, ताई. एकेक करून. मोडत मोडत."

जीप दवाखान्याकडं गेली. मी तशीच घराकडं पळाले.

खोकं शिवेवर सापडलं, ते नंतर लोकांनी आणून दिलं. सील शाबूत. आत काही नव्हतं.

लॅपटॉप मागच्या खोलीत होता.

कट्ट्यावर. उघडा. काळी स्क्रीन... आणि खाली उजेडाचे ठिपके. चार आणि दोन.

महारुद्रांनी लॅपटॉपला हात न लावता दार लावून घेतलं आणि लोहाऱ्याला फोन केला.

सासूबाई दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं आल्या. पिशवी खाली ठेवली नाही की पाणी प्यायल्या नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"कट्ट्यावर कोण बसलं व्हतं?"

"मी बसले होते, आज्जी," अर्पिता म्हणाली. "मांडीवर घेऊन."

सासूबाई मटकन खाली बसल्या.

मी त्यांना मेंढीवर लांडगा पडला तेव्हाही काठी घेऊन धावताना पाहिलंय. त्या दिवशी त्या जमिनीकडं बघत बोलल्या.

"सिद्धारामआबा मेंढराच्या वाड्यात ऱ्हात व्हते," त्या सांगायला लागल्या. "चोर आले. कुऱ्हाडी घेऊन. आबानं आतनं वाड्याचं फाटक धरलं, दोन्ही हातानं. सोडंनात. चोरांनी हातावर घाव घातले. बोटं तुटली, तरी उरल्या बोटांनी धरून बसले. मग डोक्यात घातले. सकाळी मानसं आली तवा बी हात फाटकालाच व्हते. पर एक मेंढरू गेलं न्हाय बाहेर."

त्यांनी अर्पिताकडं पाहिलं आणि नजर वळवली.

"तवापासनं त्याच्यापुढं जे ठेवलं, ते त्याचं. त्यो राखतो. मेंढरू असू दे, भांडं असू दे... न्हायतर लेक असू दे. म्हणून घरच्या पोरींना म्या काहीतरी निमित्त काढून त्या कट्ट्यापासनं लांब ठेवलं, कारण कदी सांगितलं न्हाय. पोरींना बाहेर जायाचं असतं."

अर्पिताला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिनं माझा हात धरला.

मला मात्र तिडीक गेली. म्हटलं, "आत्या, ती माणूस आहे. कुणाच्या वाड्यातलं मेंढरू नाही."

"त्याला कसं सांगायचं, वर्षे?" त्या म्हणाल्या.

पुढचे दिवस आम्ही काय नाही केलं? नैवेद्य झाले. माफी मागून झाली. महारुद्रांनी कळपातला सगळ्यात देखणा एडका निवडला. लेकीच्या बदली हा घे, म्हणून मागच्या खोलीत नेऊन बांधला आणि दार लावलं.

आम्ही अंगणात उभे होतो.

आतून एडक्याचं ओरडणं आलं.

मग धाड... भिंतीवर काहीतरी आपटलं.

पुन्हा धाड.

पुन्हा.

आवाज थांबला तेव्हा महारुद्रांनी दार ढकललं. एडका पोत्यांवर पडला होता. दोन्ही शिंगं बुडातून उपटलेली. मान अशी पिरगळली होती की तोंड पाठीकडं आलं होतं. भिंतीवर छातीच्या उंचीपर्यंत रक्त आणि लोकर. एवढं जड जनावर कुणीतरी पायाला धरून आपटल्यासारखं.

टाकावर एक थेंबही उडालेला नव्हता.

सासूबाई सुन्न आवाजात म्हणाल्या, "मेंढरं तर त्याचीच हायत रे, रुद्रा. त्याचीच चीज त्याला काय देतूस?"

जून लागला. अर्पिताला रुजू व्हायचं होतं. महारुद्र म्हणाले, "लॅपटॉप ऱ्हाऊ दे हितंच. फक्त पोरीला घेऊन निघू. बघू काय करतोय."

सकाळीच जीप सांगितली. अर्पिता मध्ये, एका बाजूला मी, एका बाजूला ते. दारं बंद, काचा वर. मी तिचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

शीव म्हणजे रस्त्याकडेचा एक दगड. त्याच्यापुढं गाडी गेली...

...आणि मागची काच फुटली.

अर्पिता किंचाळली. तिचा डावा हात खांद्यापासून मागं खेचला गेला. तिच्या दंडावर मला खड्डे दिसले. मांसात रुतलेले. दिसत काही नव्हतं, नुसते खड्डे. चार.

महारुद्रांनी तिला कमरेला धरलं. मी हात धरला. आम्ही पुढं ओढत होतो, ते मागं ओढत होतं, आणि माझी पोर मधे. ड्रायव्हर घाबरून आणखी जोरात पुढं दामटायला लागला. तेव्हा काडकन आवाज आला आणि तिचा खांदा जागचा निसटला.

"सोड, मम्मी," ती ओरडली. "तू सोड. न्हायतर हात तुटंल."

कुठल्या आईनं आपल्या पोरीचा हात असा सोडलाय?

मी सोडला.

ड्रायव्हरला ओरडून गाडी मागं घ्यायला लावली. शिवेच्या आत आलो, तसे ते खड्डे एकेक करून भरून आले. जणू काही झालंच नाही. गाडीत काचा, रक्त आणि बेशुद्ध पोर.

खांदा बसवायला डॉक्टर गावात बोलवावे लागले. दवाखान्यात नेता येईना.

त्या दोन दिवसांत अर्पिता फारसं बोलली नाही. पुण्याच्या स्टुडिओला फक्त एक मेसेज केला, अपघात झालाय, थोडा वेळ द्या. मग भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. तिची बॅग तशीच भरलेली, दारापाशी. ते बघून माझ्या आत काहीतरी फिरलं. भीती वगैरे सगळी जळून गेली. उरला फक्त राग.

भर उन्हात, घरातले झोपलेले बघून, मी पहार उचलली आणि मागच्या खोलीत गेले.

दार आतून लावून घेतलं.

लॅपटॉप कट्ट्यावर उघडा. त्याला चार्जर लावलेला नव्हता, कितीतरी दिवस झाले होते. तरी तो कडेचा उजेड तेवत होता.

"बाहेर ये," मी म्हणाले. "मेंढरं राखलीस, उपकार झाले. माझी लेक तुझी नाही."

आणि कट्ट्यावर पहार घातली.

माती उडाली. दुसरा घाव घातला. तिसऱ्या घावाला पहार वर गेली, ती खालीच आली नाही. वरच कुणीतरी धरली.

स्क्रीनवरचे ठिपके विझले.

मिट्ट काळोख... आणि माझ्या गळ्यावर बोटं आली.

एका बाजूला चार. दुसऱ्या बाजूला दोन. थंडगार नव्हती, जिवंत माणसासारखी गरम होती. राबणाऱ्या माणसाची खरबरीत बोटं. त्यांनी मला जमिनीवरून उचललं आणि भिंतीवर आदळलं. तोंडात रक्ताची चव आली. पुन्हा आदळलं. कानात फक्त माझंच रक्त वाजत होतं. श्वास संपत आला होता. एडक्याची मान मला आठवली.

त्या क्षणी मला एक सुचलं. का सुचलं, माहीत नाही.

मेंढरं त्याची. घर त्याचं. पण मी बाहेरून आलेली सून. आमच्यात सुना उंबऱ्यावरूनच हात जोडतात. मी कधी त्या कट्ट्याला टेकले नव्हते. मी त्याची नव्हते.

मी पाय झाडत झाडत कट्ट्यावर पाय टेकवला. हातानं चाचपून लॅपटॉप ओढला, छातीशी धरला. होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"पोरगी सोड. तिच्या जागी मी बसते."

पकड तशीच.

"मी राहते. जन्मभर. पण तिला जाऊ दे."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक बोट उचललं गेलं. मग दुसरं. सावकाश, विचार करत.

मी कट्ट्यावर कोसळले. बसून राहिले. आणि अंधारात माझ्या डोक्यावरून एक हात फिरला... नव्या मेंढीला वाड्यात घेताना सासूबाई फिरवतात तसा.

बाहेर मेंढरं एकदम ओरडायला लागली.

दार उघडलं तर समोर सासूबाई. त्यांनी माझ्या गळ्याकडं बघितलं. स्वतःचा पदर माझ्या गळ्याभोवती गुंडाळला आणि रडल्या.

दुसऱ्या दिवशी अर्पिता बापाबरोबर गेली. मी घरात बसून होते. महारुद्रांचा फोन आला, "शीव वलांडली गं. काहीच झालं न्हाय." मागून अर्पिता हसत होती, रडत होती. मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा पोटभर जेवले.

लेकीला मी खरं सांगितलं नाही, आज्जीच्या नैवेद्याला वीर पावला, एवढंच सांगितलं. सांगितलं असतं तर ती पुढं गेलीच नसती. सासूबाई आणि महारुद्र सोडून कुणालाही ठाऊक नाही.

जुलैत भूमला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. मला वाटलं, बघावं तरी. शिवेच्या दगडापुढं एक पाऊल टाकलं... आणि गळ्यावर बोटं आली. दाबली नाहीत, नुसती ठेवली. मी मागं फिरले.

शाळा गावात आहे म्हणून निभतंय. बदलीची यादी लागते तेव्हा मी देवाला नाही, त्या टाकाला हात जोडते. कशासाठी, ते मलाही सांगता येणार नाही.

अर्पिताचं पुण्यात छान चाललं. तिथलाच मुलगा पाहिला, इंद्रजित. गुणी आहे म्हणतात. लग्न त्यांच्याकडं, पुण्यात, फेब्रुवारीत झालं.

मी गेले नाही.

एकुलत्या एका लेकीच्या लग्नाला आई नाही. भावकीत काय काय बोललं गेलं, ते सगळं मी ऐकलं. शाळेला सुट्टी नाही, असं कारण दिलं. फोनवर अर्पिता म्हणाली, "रविवारीसुद्धा नाही का गं मम्मी?"

हळद लागलेली पोर मी महारुद्रांच्या मोबाइलवर बघितली.

आणि मग मांडवपरतणीसाठी लेक-जावई घरी यायचं ठरलं.

माझी झोप उडाली. सौदा एकदाच होतो की नेहमीसाठी, कुणाला माहीत? आत आली आणि पुन्हा बाहेर जाऊ दिली नाही तर? सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आजपतुर असं कुणीच केलेलं न्हाय, पोरी. म्या काय सांगू?"

मी फोन करून येऊ नको म्हणाले. तिनं ऐकलं नाही. "तू येत नाहीस, तर मी तुला न्यायलाच येते," म्हणाली.

त्या दिवशी मी पुरणाचा स्वयंपाक केला. पोळ्या डब्यात भरल्या आणि शिवेवर जाऊन उभी राहिले.

गाडी आली. अर्पिता हिरव्या साडीत उतरली. इतकी सुंदर दिसत होती. तिला वाटलं मी तिच्या स्वागताला शिवेपर्यंत आलेय. हसत पुढं आली. पाया पडायला वाकणार होती.

दगडाच्या आत यायला तिला एकच पाऊल कमी होतं.

"तिथंच थांब," मी म्हणाले. "या घरात तुझं काही नाही. आम्हाला न विचारता पोरगा बघितलास, आता तोंड कशाला दाखवतेस?"

जावई खाली बघायला लागला. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. तिनं पाऊल उचललं.

मी तिच्या तोंडात मारली.

आयुष्यात कधी हात उगारला नव्हता तिच्यावर. इतक्या जोरात मारली की ती मागं इंद्रजितच्या अंगावर पडली. ओठ फुटला. नव्या साडीवर रक्त पडलं. ती माझ्याकडं बघत राहिली, जणू मी कोणी अनोळखी बाई आहे.

"परत येऊ नकोस," मी म्हणाले.

गाडी वळली. डबा माझ्या हातातच राहिला. मी धूळ खाली बसेपर्यंत तिथं उभी होते, आणि माझ्या डोक्यावरून पुन्हा तो हात फिरला. यावेळी भर उन्हात, उघड्या रस्त्यावर. तो मला शाबासकी देत होता की ती हातची गेली म्हणून मला धरून ठेवत होता, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

तिचा फोन येत नाही. महारुद्र माझ्याशी कामापुरतं बोलतात. सगळं माहीत असून त्यांना ती थप्पड विसरता येत नाही.

सासूबाई म्हणतात, राग निवळंल, लेकरू हाय. पहिल्या बाळंतपणाला तर आपल्याकडंच येईल की.

तेच तर.

तेव्हा तिला काय बोलायचं, ते मी आत्तापासून ठरवून ठेवतेय.